एजन्सीचे पैसे कोण भरतो?

नागपूरच्या मिहानमधल्या कंपन्यांसाठी माणसं शोधणाऱ्या भरोशाच्या एजन्सीला मोबदला कंपनी देते, उमेदवार नाही. त्यामुळे बर्डीवरच्या (सीताबर्डी) एखाद्या ऑफिसात मुलाखतीआधीच 'रजिस्ट्रेशन', 'ट्रेनिंग' किंवा 'परत मिळणारं डिपॉझिट' म्हणून पैसे मागितले, की तिथून उठावं. मूळ मार्कशीट तर कुणाकडेच ठेवू नये, झेरॉक्स पुरते. ऑफर लेटर हाती आलं, तर त्यावरचा ईमेल पत्ता नीट पाहा. नाव मोठ्या कंपनीचं आणि पत्ता साध्या जीमेलचा असेल, तर कंपनीच्या वेबसाइटवरच्या नंबरवर स्वतः फोन करून खात्री करून घ्या.

रेल्वे किंवा वेकोलिची (वेस्टर्न कोलफिल्ड्स) कायम नोकरी कुठलीही एजन्सी लावून देऊ शकत नाही. तिथली खुली भरती जाहिरात काढूनच होते. 'आतून सेटिंग आहे' म्हणणाऱ्याला शेत विकून पैसे देणारी घरं विदर्भात आहेत, म्हणून हे ठणकावून सांगावं लागतं.

आखातात जायचं असेल तर नियम वेगळा. 1983च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी भरती करणाऱ्या एजंटाला केंद्र सरकारकडे नोंदणी सक्तीची आहे. त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन. नोंदणी क्रमांक ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो. टुरिस्ट व्हिसावर कामाला पाठवतो म्हणणाऱ्याला साफ नकार द्या.

ऑनलाइन पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच 1930 या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर फोन करा.