घरबसल्या पंजाबी : पुस्तक पारखून घ्या

'तीस दिवसांत अमुक भाषा' या धर्तीच्या पुस्तकांत पंजाबीचेही एक असतेच. साचा ठरलेला. शरीराचे अवयव, आठवड्याचे वार, भाजीवाल्याशी घासाघीस, डॉक्टरांशी संवाद. पंजाबी वाक्य रोमन नाही तर देवनागरी लिपीत, समोर अर्थ. असे पुस्तक हाती आले की मी त्यात 'घोड़ा' हा शब्द शोधतो आणि त्याच्या उच्चाराबद्दल लेखक काही बोलतो का, ते पाहतो. बहुतेक वेळा तो गप्प असतो.

पंजाबी ही सुरांची भाषा आहे. शब्दाच्या आरंभी घ, झ, ढ, ध, भ लिहिले जातात, पण बोलताना त्यांचे क, च, ट, त, प होतात आणि पुढच्या स्वराचा सूर खाली उतरतो. पंजाबी माणसाच्या तोंडून भांगडा ऐका, तो 'पंगड़ा'च्या जवळ जातो; ढोल 'टोल'च्या. हीच अक्षरे स्वरानंतर, शब्दाच्या मध्ये किंवा शेवटी आली की त्यांतला हकार गळतो आणि आधीच्या स्वराचा सूर चढतो. म्हणून 'घोड़ा', 'कोड़ा' म्हणजे चाबूक आणि 'कोढ़ा' म्हणजे कुष्ठरोगी हे तीन शब्द लिहिताना वेगळे, पण बोलताना त्यांची व्यंजने एकच. फरक उरतो तो उतरत्या, सपाट आणि चढत्या सुराचा. देवनागरीतल्या पुस्तकाने मराठी माणूसच जास्त फसतो. समोर घ दिसला की आपण तो बिनदिक्कत घ म्हणून मोकळे होतो.

या कसोटीला उतरणारे पुस्तक म्हणजे मंगतराय भारद्वाज यांचे 'कलोक्विअल पंजाबी' (१९९५). सुरांची दखल ते सुरुवातीलाच घेते आणि राउटलेज या प्रकाशकाने त्याचे ध्वनिमुद्रण मोफत ऐकायला ठेवले आहे. माध्यम इंग्रजी, ही त्याची अडचण. त्यांचेच २०१६चे सविस्तर व्याकरण मात्र संदर्भासाठी, पहिल्या महिन्यात उघडायचे नाही. 'टीच युवरसेल्फ' मालेत ख्रिस्तोफर शॅकल यांचे पुस्तक १९७२मध्ये आले. पुढे त्याच मालेत सुरजितसिंग कालरा आणि नवतेज पुरेवाल यांचे आले. पिम्सलरचे अर्ध्या अर्ध्या तासाचे ३० ध्वनिपाठ कान तयार करतात, पण भर सगळा ऐकण्या-बोलण्यावर.

लिपी पुढे ढकलणारे पुस्तक मी सरळ बाजूला ठेवतो. गुरुमुखीची मूळ अक्षरे ३५, म्हणून वर्णमालेलाच 'पैंती' म्हणतात. देवनागरी येणाऱ्याला ती आठवड्यात जमावी, फक्त सारखेपणा दगा देतो: गुरुमुखीचा स आपल्या म सारखा दिसतो आणि तिचा म आपल्या भ सारखा. पंजाबी मुलांचे 'कायदे', म्हणजे अंकलिप्या, गिरवायला उत्तम. पण ज्याला भाषा आधीच येते त्या मुलासाठी ते असतात. भाषा शिकवण्याची अपेक्षा त्यांच्याकडून करू नये. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठाचे मोफत ऑनलाइन पाठ इथे जास्त उपयोगी, कारण त्यांत अक्षर दिसते आणि ऐकूही येते.

व्याकरणात मात्र मराठी माणसाला एक सवलत आहे आणि ती कुठलेच पुस्तक सांगत नाही. हिंदीत 'मैंने रोटी खाई'. पंजाबीत 'मैं रोटी खाधी', अगदी आपल्या 'मी भाकरी खाल्ली'सारखे. प्रथम आणि द्वितीय पुरुषात 'ने' लागत नाही. तृतीय पुरुषात 'उस ने' आणि आपले 'त्याने'. क्रियापद दोन्हीकडे भाकरीच्या लिंगाप्रमाणे चालते. हिंदीतून पंजाबी शिकवणारी पुस्तके यावर पानेच्या पाने खर्च करतात. ती आपण उलटून पुढे जावे. शिवाय आपला ण आणि ळ पंजाबीतही आहेत. ळ साठी ल खाली टिंब देतात, छपाईत ते अनेकदा गाळतात.

नांदेडला हजूर साहिबला जाऊन किंवा २०१५चे मराठी साहित्य संमेलन जिथे भरले त्या घुमानला जाऊन आल्यावर काहींना पंजाबी शिकावीशी वाटते ती गुरु ग्रंथ साहिबातली नामदेवांची ६१ पदे मुळातून वाचण्यासाठी. त्यांनी वरची यादी विसरावी. गुरबाणीची, म्हणजे त्या ग्रंथातल्या पदांची, भाषा आजची बोलली जाणारी पंजाबी नव्हे. तिथे शब्दाच्या शेवटचे ऱ्हस्व इकार-उकार बहुधा उच्चारत नाहीत, पण विभक्ती आणि वचन त्यांवरूनच कळते. त्यासाठी प्रा. साहिबसिंग यांचे गुरबाणीचे व्याकरण आहे, आणि ते पंजाबीतच आहे. म्हणजे आधी आजची पंजाबी, मग ते.

आणखी एक. पंजाबी बोलणारे सर्वाधिक लोक पाकिस्तानात आहेत आणि तिकडची लिपी शाहमुखी, म्हणजे उर्दूसारखी. लाहोरचे नाटक किंवा तिकडची कविता वाचायची असेल तर गुरुमुखीचे कुठलेच पुस्तक पुरे पडणार नाही. गाण्यांवर भिस्त ठेवू नका, त्यांत हिंदी-इंग्रजीची भेसळ फार. त्यापेक्षा चंदीगडच्या 'पंजाबी ट्रिब्यून'चे रोज एक पान वाचावे.

पैसे एकाच पुस्तकावर घालायचे असतील तर भारद्वाज यांच्या पहिल्या पुस्तकावर घाला. लिपीसाठी पतियाळाचे पाठ पुरेत, आणि त्यांना एक रुपयाही लागत नाही.