पटवणे आणि लादणे

शाकाहाराचा प्रचार पुष्कळांनी केला. पण तो कसा करावा, हे आम्ही गाडगेबाबांपासून शिकलो. मुलीच्या बारशाला मद्यमांसाची पंगत घालण्याची रूढी त्यांनी मोडली आणि गोडाचे जेवण वाढले. आधी कृती, मग कीर्तन. कीर्तनातही ते प्रश्न विचारून उत्तर श्रोत्यांकडूनच वदवून घेत. नवसाचे बकरे देवाला हवे की आपल्याला, हे ऐकणाऱ्यानेच ठरवावे!

वारकऱ्यांची रीत निराळी. गळ्यात तुळशीची माळ पडली की मांसाहार सुटतो, आणि दिंडीची सोबत तो नेम टिकवते.

कोणी म्हणतात, काही माणसे कानाने शिकतात, काही डोळ्याने. ज्याला त्याला त्याच्या वाटेने शिकवावे. मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली या समजुतीचा पुरावा तपासला, तो अपुरा निघाला. तरी एकच गोष्ट पाहिली, ऐकली आणि स्वतःच्या तोंडाने बोलली, तर ती साऱ्यांच्याच मनात अधिक ठसते, असा आमचा अनुभव आहे.

मात्र वसमतच्या बाजारात हळदीची पोती वाहणाऱ्या हमालाला धर्म सांगून भागत नाही. ज्वारीच्या प्रथिनात जे उणे, ते डाळ भरून काढते. बी-१२ जीवनसत्त्वासाठी दूधदही लागते. ज्याला डाळ-दूध परवडत नाही, त्याच्या ताटातली मासळी आम्ही कोणत्या तोंडाने काढावी? आधी पोटापुरती मजुरी, मग उपदेश. पटवून सोडलेले सुटते. हिसकावलेले मनात सलत राहते.