आंबेमोहराचा रिसोटो

रत्नागिरीत अर्बोरिओ तांदूळ शोधत फिरू नका, आंबेमोहर घ्या. बासमती मात्र नको, तो मोकळाच राहतो. तांदूळ निवडा, पण धुऊ नका! रिसोटोचा मलईदारपणा क्रीममधून नाही, दाण्यावरच्या स्टार्चमधून येतो.

लोण्यात कांदा, मग वाटीभर तांदूळ दोन मिनिटं परता. वाइनऐवजी चमचाभर कोकम आगळ (खारट असतं, मीठ बेतानं). लाल भोपळा, फरसबी, मटार घाला. भाज्यांचं उकळतं पाणी पळी-पळीनं ओतत ढवळत राहा. साधारण चार वाट्या लागतं. गॅस बंद करून लोणी, चीज घोटा. अस्सल पार्मेझानमध्ये वासराचं रेनेट असतं. शाकाहाऱ्यांनी हिरवा ठिपका बघून चीज घ्यावं.

गरमच वाढा, थांबलात तर गोळा होतो.