जीव नकोसा वाटतो तेव्हा

कोलकात्याहून बोलतोय. आज विषय जड आहे, पण टाळून चालणार नाही.

जून २०२० मध्ये अमेरिकेत एक सरकारी पाहणी झाली. गेल्या महिनाभरात आत्महत्येचा गंभीरपणे विचार केला, असं जवळपास ११ टक्के प्रौढांनी सांगितलं. १८ ते २४ वयातल्या चारांपैकी एकानं. म्हणजे तिथं आत्महत्या वाढल्या असतील? नाही. २०१९ मध्ये ४७,५११ होत्या, २०२० मध्ये ४५,९७९. 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त आलेल्या २१ देशांच्या अभ्यासातही साथीच्या पहिल्या महिन्यांत ठळक वाढ दिसली नाही.

विचार येणं आणि कृती होणं यांत मोठं अंतर असतं, ही पहिली गोष्ट. दुसरी फौजी माणसाला लगेच पटेल: गोळीबार चालू असताना माणूस तग धरतो, मन ढासळतं ते नंतर. जपानमध्ये तसंच दिसलं. सुरुवातीला आकडा उतरला, जुलैपासून चढला, आणि स्त्रियांमध्ये फारच.

शिवाय ते २१ देश श्रीमंत किंवा बऱ्यापैकी सुस्थितीतले. भारत त्यांत नव्हता. आपल्याकडे पोलिसी नोंदींनुसार २०१९ मध्ये १,३९,१२३ आत्महत्या, २०२० मध्ये १,५३,०५२, २०२१ मध्ये १,६४,०३३. २०२० मधल्या चारांपैकी जवळपास एक जण रोजंदारीवरचा. सगळं खापर कोरोनावर फोडता येणार नाही, पण हातावर पोट असणाऱ्याला टाळेबंदी काय असते ते या आकड्यात दिसतं.

२० मे २०२० ला इथं अम्फान वादळ आलं. आमच्याकडे बरेच दिवस वीज नव्हती, फोनही धड लागत नव्हता. लागला तेव्हा माझ्या पलटणीतल्या एका निवृत्त सुभेदारांना केला. आवाज बसलेला. "आता कशात राम नाही, साहेब," म्हणाले. फौजेत प्रत्येक जवानाला एक 'बडी' असतो, जोडीदार. घरी परतल्यावर तो सुटतो. मी घाबरत का होईना, सरळ विचारलं, "सुभेदारसाहेब, जीव द्यायचं मनात येतं का?" बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "येतं." असं विचारल्यानं डोक्यात नसलेली कल्पना शिरते, हा समज खोटा आहे, अभ्यास उलटच सांगतात. त्या दिवशी मुलाला त्यांच्याजवळ थांबायला सांगितलं, आठवड्याभरात डॉक्टर गाठला.

पोलिसांची भीती पुष्कळांना असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरलं जातं, आणि त्याला उपचार देणं सरकारचं काम ठरतं. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस' आहे: १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही.

सुभेदारसाहेब अजून रविवारी फोन करतात. हल्ली तेच आधी विचारतात, "साहेब, तुमचं कसं काय?"