सुट्या भागांची सोयरीक

मुलगा चांगला आणि मुलगीही चांगली, एवढ्यावर सोयरीक होत नाही, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. मोटारीच्या इंजिनाच्या बाबतीत मात्र चांगली शिकलेली माणसेही हे विसरतात. उत्तम क्रँक, उत्तम पिस्टन, उत्तम कॅमशाफ्ट असे एकेक नग बाजारातून निवडून आणले की उत्तम इंजिन झालेच, अशी त्यांची समजूत असते. आम्ही इंजिनिअर नव्हे. कामगार संघटनेच्या कामात मशीन-शॉपमधल्या मंडळींशी उठबस झाली, त्यांच्या हातातल्या मायक्रोमीटरने आम्हांला कुतूहल लावले, आणि पुढचे जे काही आहे ते रात्री दिव्याखाली बसून वाचलेले. तेव्हा ज्यांनी गाडीचे बॉनेटही उघडले नाही अशा श्रोत्यांना समजेल अशाच बेताने सांगतो.

उदाहरण अमेरिकेतले घेऊ, कारण हौसेने इंजिन बांधण्याचा नाद तिथे फार जुना आहे. शेव्हरोले कंपनीने १९५५ साली २६५ घनइंचांचे आठ सिलिंडरांचे इंजिन काढले. त्याच घराण्यात १९६७ साली ३५० घनइंचांचे आणि १९७० साली ४०० घनइंचांचे इंजिन आले. ३५०चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ४ इंच, आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, ३.४८ इंच. ४००ची चाल ३.७५ इंच. गॅरेजवाल्यांच्या ध्यानात आले की मोठ्याचा क्रँक धाकट्याच्या ब्लॉकमध्ये बसवता येईल. झिजलेला ब्लॉक इंचाच्या तीस हजारांश भागाने बोअर करून घ्यायचा, ४००चा क्रँक आत घालायचा, की इंजिन ३८३ घनइंचांचे होते. ऐकायला किती सोपे!

पहिली अडचण क्रँक ब्लॉकमध्ये ठेवतानाच येते. ४००च्या क्रँकची मुख्य जर्नले २.६५ इंचांची, आणि ३५०च्या ब्लॉकला हवीत २.४५ इंचांची. म्हणजे जर्नले घासून लहान करणे आले. आता त्याच मापाचे नवे क्रँक विकत मिळतात, हा भाग वेगळा.

खरी गंमत पुढे आहे, आणि तिला पाचवीचे गणित पुरते. क्रँकच्या मध्यापासून ब्लॉकच्या माथ्यापर्यंतची उंची ९.०२५ इंच. एवढ्या जागेत तीन मापे बसवायची असतात: चालीचा अर्धा भाग, कनेक्टिंग रॉडची लांबी, आणि पिस्टनच्या पिनेपासून त्याच्या माथ्यापर्यंतचे अंतर. मूळ ३५०मध्ये १.७४ अधिक ५.७० अधिक १.५६, मिळून बरोबर ९. पिस्टन माथ्याच्या किंचित खाली थांबतो. आता फक्त क्रँक बदला. अर्धी चाल १.८७५ होते, बेरीज ९.१३५वर जाते, आणि पिस्टन ब्लॉकच्या वर ०.११० इंच डोके काढतो. वर हेड बसलेले असते. इंजिन एक फेराही पुरा करणार नाही.

तोड दोन प्रकारे निघते. ४००चेच आखूड रॉड घ्यावेत, ५.५६५ इंचांचे, जुन्याच पिस्टनांनिशी बेरीज पुन्हा ९ होते. स्वस्त उपाय, आणि अनेकांनी तो केला. पण आखूड रॉड अधिक तिरपा होतो व पिस्टनला सिलिंडरच्या भिंतीवर जास्त रेटतो. दुसरा उपाय म्हणजे ५.७०चाच रॉड ठेवून १.४२५ उंचीचे नवे पिस्टन आणणे. आमचे मत विचाराल तर खिशाला चटका बसला तरी दुसरा.

हे झाले तरी संपत नाही. लांब चालीमुळे रॉडचे बोल्ट ब्लॉकच्या खालच्या कडेला लागतात, तिथे ब्लॉक घासावा लागतो. तेच बोल्ट वर कॅमशाफ्टलाही लागू शकतात, म्हणून कॅम निवडताना तेही पाहावे लागते. ४००चा क्रँक स्वतःपुरता तोललेला नसतो. त्याचा उरलेला तोल पुढच्या डँपरमध्ये व मागच्या फ्लायव्हीलमध्ये वजन घालून साधलेला असतो. ३५०चे जुने डँपर व फ्लायव्हील तसेच लावले तर इंजिन थरथरत राहते आणि बेअरिंगे खाते. शिवाय १९८६पासून ह्या घराण्यात क्रँकच्या मागच्या तोंडाचे ऑईल-सील दोन तुकड्यांऐवजी एकसंध झाले. जुन्याचा क्रँक नव्याच्या ब्लॉकला सरळ बसत नाही.

आता दाबाचे पाहा. चाल वाढली की सिलिंडरात जास्त हवा येते, पण ती दाबून बसवण्याची जागा तेवढीच राहते. ती जागा ८० घनसेंटिमीटर धरली तर ३५०मध्ये दाबाचे प्रमाण दहास एक येते, ३८३मध्ये पावणेअकराच्याही वर जाते. साध्या पेट्रोलवर अशा इंजिनात खडखड सुरू होण्याची भीती असते. म्हणून माथ्याला खोलगट वाटी असलेले पिस्टन घेतात, नाहीतर मोठ्या पोकळीचे हेड. म्हणजे क्रँक बदलला तो तळाशी, आणि त्याचा हिशोब चुकवावा लागला वर हेडमध्ये.

बेअरिंगाची गोष्ट आम्ही जरा घोळवून सांगणार आहोत, कारण तिच्यावरून आमच्याकडे एक तंटा आला होता. जर्नल व बेअरिंग ह्यांच्यामध्ये तेलाचा पापुद्रा राहण्याइतकी फट लागते; साधा अंदाज असा की जर्नलच्या दर इंच व्यासामागे एक हजारांश इंच. एका गॅरेजात ट्रकचा क्रँक वीस हजारांश घासून आला होता, आणि मालकाने बेअरिंगे आणली दहा हजारांशाची. फिटरने माप घेऊन सांगितले की फट दहा हजारांशाने जास्त राहते. मालक म्हणाला, बेअरिंगे भारी कंपनीची आहेत, बसव. इंजिन ठोकू लागले, तेलाचा दाब पडला, आणि फिटरचा तीन आठवड्यांचा पगार अडकला. त्याने प्रत्येक जर्नलचे माप तारखेनिशी वहीत टिपून ठेवले होते. ती वही टेबलावर ठेवली तेव्हा पगार सुटला. आम्ही भाषण केले असते तर सुटला असता की नाही, शंकाच आहे.

म्हणून जाणता मिस्त्री काय करतो? भाग विकत घेण्याआधी मापांची बेरीज कागदावर मांडतो. भाग आले की पाकिटावरच्या आकड्यावर विश्वास न ठेवता पुन्हा मोजतो. मग इंजिन एकदा कच्चे जोडतो: पिस्टनच्या माथ्यावर मऊ मातीचा थर देतो, हेड बसवून क्रँक हाताने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवतो, कारण कॅमशाफ्टचा एक फेरा व्हायला क्रँकचे दोन लागतात. हेड काढून व्हॉल्व्हने माती कुठे दाबली ते पाहतो, सुरीने ती कापतो, आणि उरलेल्या थराची जाडी मोजतो. इनटेकच्या बाजूला साधारण ऐंशी व एक्झॉस्टच्या बाजूला शंभर हजारांश इंच जाडी मिळाली, तर सगळे पुन्हा उकलून, धुऊन, तेल लावून पक्क्या जोडणीला घेतो.