ठशांतून उमटलेला न्याय

१९४३ च्या बंगालमधील दुष्काळाचे चित्रमय वृत्त चित्तप्रसाद भट्टाचार्य यांनी 'हंग्री बेंगॉल' या पुस्तिकेत मांडले. इंग्रज सरकारने तिच्या प्रती जप्त करून जाळल्या. सत्य चित्रित झाले की सत्ता किती हादरते, याचा हा पुरावा! १९४६ पासून मुंबईत वास्तव्य करून त्यांनी लिनोलियमवर श्रमकरी बालकांची दुःखे कोरली. एका ठशातून अनेक प्रती निघतात. म्हणून ही कला श्रीमंतांच्या दिवाणखान्यात अडकून पडत नाही. बालहक्कांचा जागतिक करार झाला १९८९ मध्ये. चित्तप्रसादांनी तो हक्क कित्येक वर्षे आधी मागितला होता. आमच्या किनारपट्टीवरील शाळांत आणि सीमाभागातील मंठाळसारख्या गावांतही ही चित्रे लावली जावीत. ज्या मुलांसाठी कायदा झाला, त्यांना आपला हक्क निदान डोळ्यांनी तरी दिसावा, एवढीच आमची मागणी आहे.