सैनिकाचे घर आणि आपले दुकान

व्यापार म्हणजे केवळ मालाची देवघेव नव्हे. ती विश्वासाची देवघेव होय. ज्याच्याकडून काही घेतले त्याच्या नावे ते जमा धरावे आणि वर्षअखेरीस हिशेब चुकता करावा, ही आपल्या वाडवडिलांची रीत. या रीतीने पाहू जाता सैनिकाचे देणे आपल्या सर्वांच्याच अंगावर आहे. रात्री वखारीस कुलूप लावून आपण निर्धास्तपणे निजतो, त्या वेळी कोठे तरी बर्फात पहाऱ्यावर एक जवान उभा असतो. तो जवान दूर असला तरी त्याचे घर मात्र आपल्या दुकानापासून दोन-चार कोसांवरच असते. त्या घराविषयी सभासद बंधु-भगिनींपुढे चार शब्द मांडावे, या हेतूने हा लेख लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

धान्याच्या व्यापाऱ्याने सैन्याविषयी काय लिहावे, असे कोणी म्हणेल. आम्हांस युद्धशास्त्र ठाऊक नाही आणि आमचे शिक्षणही मॅट्रिकपर्यंतचेच. परंतु आमचे दुकान घाऊक असले तरी भोवतालच्या खेड्यांतील घरांना सालाचे धान्य देण्याची आमची जुनी चाल आहे. त्यामुळे सैनिकाच्या घरी किती जोंधळा व किती तांदूळ लागतो आणि कोणत्या महिन्यात तो उधारीवर न्यावा लागतो, हे आम्ही चाळीस वर्षे पाहत आलो आहोत. तेवढ्या अधिकाराने हे लिहीत आहोत.

आपला मुलूख आणि पलटण

निपाणीहून सुमारे पाऊणशे किलोमीटरांवर बेळगाव आहे. तेथे १९२२ पासून मराठा रेजिमेंटचे केंद्र आहे. या रेजिमेंटची पहिली पलटण १७६८ साली उभी राहिली. ‘जंगी पलटण’ या नावाने ती ओळखली जाते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कूत येथे वेढ्यात सापडलेली फौज १९१६ च्या एप्रिलमध्ये शत्रूच्या हाती पडली, तीत मराठा पलटणींचे जवान होते. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या रणांगणावर या रेजिमेंटच्या दोन वीरांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. त्यांपैकी नामदेव जाधव परत आले. यशवंत घाडगे हे १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडले, व त्यांचे पदक मरणोत्तर ठरले.

इतिहासाची पुस्तके पलटणीची कीर्ती सांगतात, परंतु त्या पलटणी ज्या घरांतून भरल्या, त्या घरांविषयी फारसे काही सांगत नाहीत. शिरोळ तालुक्यातील टाकळी या गावास लोक ‘सैनिक टाकळी’ म्हणतात. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणून प्रसिद्ध आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. एका गावातून ४६ कर्ते पुरुष गेले म्हणजे किती चुली थंडावल्या असतील, याचा हिशेब संसारी माणसास सांगावयास नको.

आजवर झालेली व्यवस्था

सैनिकांच्या कुटुंबांसाठी काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जखमी जवानांना एखादा धंदा शिकविण्यासाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज तंत्रशाळा निघाली; ती पुढे पुण्याजवळ खडकीस गेली. १९१९ साली सैनिक मंडळाची स्थापना झाली. आजचे केंद्रीय सैनिक मंडळ व जिल्ह्याजिल्ह्यांतील सैनिक कल्याण कार्यालये ही त्याचीच पुढील वाढ होय. बेळगावात १९४५ साली निघालेली लष्करी शाळा आज राष्ट्रीय मिलिटरी स्कूल या नावाने चालते व तेथील बहुसंख्य जागा जवानांच्या मुलांसाठी राखीव असतात. १९६६ साली सैनिकपत्नींची कल्याण संघटना नोंदली गेली. १९७२ साली दिल्लीत युद्धविधवांची संघटना निघाली. माजी सैनिकांसाठी औषधोपचाराची योजना १ एप्रिल २००३ पासून सुरू आहे.

ध्वजदिनाविषयी मात्र थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. १९४९ पासून दर ७ डिसेंबरला हा दिवस पाळला जातो. लाल, गडद निळा व फिकट निळा अशा तीन पट्ट्यांचा छोटा ध्वज शाळेची मुले आपल्या दुकानात घेऊन येतात. आपण डब्यात नाणे टाकतो आणि ध्वज खिशाला लावतो. ते नाणे पुढे कोठे जाते, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. १९९३ साली निरनिराळे निधी एकत्र करून एकच ध्वजदिन निधी करण्यात आला. ज्यास पेन्शन नाही अशा ६५ वर्षांवरील माजी सैनिकास किंवा त्याच्या विधवेस त्यातून मासिक साहाय्य मिळते. हे साहाय्य ४,००० रुपये होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते ८,००० करण्याचा निर्णय झाला. त्याच वेळी मुलांच्या शिक्षणाचे साहाय्य दरमहा १,००० वरून २,००० आणि मुलीच्या लग्नाचे ५०,००० वरून १ लाख रुपये झाले. हवालदार हुद्द्यापर्यंतच्या सैनिकांच्या घरांना हा आधार फार मोठा आहे. याशिवाय व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या मुलांमुलींसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे. २०१९ पासून ती मुलांस २,५०० व मुलींस ३,००० रुपये दरमहा आहे.

अडते कोठे?

इतकी व्यवस्था असूनही अडचण का पडते, हा खरा प्रश्न आहे. याचे उत्तर आम्हांस पुस्तकात मिळाले नाही. ते दुकानाच्या ओट्यावर मिळाले.

काही वर्षांपूर्वी जवळच्या खेड्यातील एक बाई आमच्याकडे नेहमीच्या निम्मे धान्य मागू लागली व तेही खात्यावर लिहून ठेवण्यास सांगू लागली. तिचे यजमान नायक म्हणून निवृत्त झाले होते आणि घरीच हृदयविकाराने वारले होते. रणांगणावरचे मरण नव्हे, म्हणून गावात कमान उभारली गेली नाही, की कोणी पुढारी भेटीस आला नाही. यजमानांची पेन्शन त्यांच्याबरोबर थांबली आणि बाईची कुटुंबपेन्शन सुरू होईना. कारण एवढेच की, लग्नाची नोंद पलटणीच्या दप्तरी वेळेवर गेली नव्हती. शिवाय एका कागदावर माहेरचे नाव, दुसऱ्यावर सासरचे. एका कचेरीतून तिला दुसरीकडे धाडले जाई व दुसरीतून पुन्हा पहिलीकडे. असे सात महिने गेले. एके दिवशी तिने खाली मान घालून विचारले, “पाटल्या ठेवून घेता का?”

आमच्या तीर्थरूपांच्या वेळेपासून सैनिकाच्या घरचे दागिने दुकानात ठेवून न घेण्याची रीत आहे. धान्य चालू ठेवले हे खरे, परंतु त्याने प्रश्न सुटला नाही. प्रश्न सोडविला आमच्या वृद्ध दिवाणजींनी. त्यांनी सर्व कागद एका दोऱ्यात ओवले, नावातील फरकाचे प्रतिज्ञापत्र करविले, आणि दोनदा बाईबरोबर बेळगावास अभिलेख कार्यालयात जाऊन नोंद पुरी करून घेतली. त्यानंतर थकबाकीसह पेन्शन आली. बाई सर्वांआधी आमचे खाते चुकते करण्यास आली. काही रक्कम सोडण्याची गोष्ट आम्ही काढताच ती म्हणाली, “हिशेब पुरा घ्या, सावकार. ते असते तर त्यांनी पुराच दिला असता.”

या एका गोष्टीत आमचे सारे म्हणणे आले. अशा घरास दान नको असते. त्याच्या हक्काचे जे आहे ते त्याच्या पदरात पडेपर्यंत बरोबर चालणारे कोणी हवे असते. कागद, नोंदी, तारखा, सह्या हे सर्व आपण व्यापारी मंडळी रोज हाताळतो. विक्रीकराच्या काळापासून आजच्या जीएसटीपर्यंत कचेऱ्यांचे उंबरे आपण झिजविले आहेत. ज्या विद्येत आपण तरबेज आहोत, नेमकी तीच त्या माउलीस हवी असते.

सीमेवरची विशेष अडचण

आपल्या भागात यात आणखी एक गाठ आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. १९७३ पासून त्या राज्याचे नाव कर्नाटक आहे. त्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु घरातील व्यवहारावर त्याचा परिणाम होतो, तो असा. पेन्शन, औषधोपचार, कॅन्टीन या केंद्राच्या सवलती सर्वत्र सारख्याच आहेत. राज्याच्या सवलती मात्र अधिवासावर अवलंबून असतात. सासर निपाणीकडे आणि माहेर कागलकडे असलेल्या विधवा मुलीस कोल्हापूरचे कार्यालय जवळचे वाटते, पण काम पडते बेळगावात. शिधापत्रिकेवरील नाव कानडीत, शाळेच्या दाखल्यावर मराठीत आणि पलटणीच्या दप्तरी इंग्रजीत. तिन्हींत एखादे अक्षर इकडचे तिकडे झाले की काम अडते. आपल्या पेढ्यांवर तिन्ही लिपी वाचणारी माणसे पूर्वापार आहेत. हा आपला गुण या कामी उपयोगी पडला पाहिजे.

सत्कार-समारंभांविषयी

२६ जुलैचा कारगिल विजय दिन, १६ डिसेंबरचा विजय दिन, १५ ऑगस्ट व २६ जानेवारी या दिवशी गावोगावी सैनिकांचे व वीरमातांचे सत्कार होतात. असे समारंभ अवश्य व्हावेत. मुलांच्या मनावर त्यांचा संस्कार होतो. मात्र शाल व नारळ देऊन छायाचित्र निघाले की आपले कर्तव्य संपले, असे होऊ नये. व्यासपीठावर बसविलेल्या वीरपत्नीस घरी परत कोण पोहोचविणार, याचाही विचार आयोजकांनी करावा, इतक्या साध्या गोष्टीत खरा आदर दिसतो.

येथे आमच्या भगिनींस एक विनंती आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवास आपण सैनिकपत्नीस आग्रहाने बोलावितो. परंतु तिचा पती देशासाठी पडला की तीच भगिनी त्या बैठकीतून वगळली जाते. सभेत जिला वीरपत्नी म्हणून हार घालावयाचा, तिलाच घरच्या समारंभात दूर बसवावयाचे, हे कोणत्या न्यायात बसते? आपल्या शेजारच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे आदी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि महाराष्ट्र शासनाने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरविण्यास सांगितले. एका लहान गावास जे साधले, ते आपल्या सुशिक्षित घरांस कठीण नाही. सातारा जिल्ह्याचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये काश्मिरात वीरगतीस प्राप्त झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक सप्टेंबर २०१७ मध्ये स्वतः सैन्यात अधिकारी झाल्या. ज्या स्त्रिया असा धीर दाखवितात, त्यांना वाण देताना आपला हात मागे का यावा?

नवे तरुण परत येतील तेव्हा

आणखी एका गोष्टीकडे वेळीच लक्ष दिले पाहिजे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. तिच्यातील अग्निवीर चार वर्षे सेवा करतो. त्यांतील जास्तीत जास्त शेकडा २५ जणांना पुढे कायम ठेवले जाते. बाकीचे परत येतात, तेव्हा त्यांच्या हाती सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी असतो. पेन्शन व ग्रॅच्युइटी नसते. पहिल्या तुकड्यांचे प्रशिक्षण २०२३ च्या आरंभी सुरू झाले, तेव्हा चार वर्षांचा हिशेब आपण सहज करू शकतो. ऐन पंचविशीच्या आतबाहेरचा, शिस्तीचा व वेळ पाळणारा हा तरुण गावी येईल, तेव्हा त्याची गाठ प्रथम कोणाशी पडेल? त्याला काम देणारा भेटेल, की त्याची रक्कम दामदुपटीच्या आमिषाने गुंतविण्यास सांगणारा भेटेल? आपल्या गुदामांस, वजनकाट्यांस, मालमोटारींस विश्वासू माणसे हवीच असतात. हा उपकार नव्हे. चोख सौदा आहे.

आपण काय करावे?

आमच्या अल्पमतीस सुचले ते असे. पहिले, आपल्या मंडळाने आठवड्यातून एक दिवस कार्यालयात एक जाणता माणूस बसवावा. तो सैनिकांच्या घरांचे अर्ज लिहून देईल आणि वृद्धांना हयातीचा दाखला वेळेवर देण्यास मदत करील. दुसरे, प्रत्येक सभासदाने आपल्या गिऱ्हाइकांतील सैनिक-घरांना एकच प्रश्न विचारावा: लग्नाची व मुलांच्या जन्माची नोंद पलटणीच्या दप्तरी झाली आहे काय? जवान हयात असताना हे काम एका अर्जाने होते, मागाहून त्यास वर्ष पुरत नाही. तिसरे, ज्या घरची पेन्शन कागदांत अडकली आहे, त्याचे धान्य ती सुरू होईपर्यंत बिनव्याजी व बिनबोभाट चालू ठेवावे. चौथे, नोकरीची जागा निघाली की ती माजी सैनिकास आधी कळवावी. पाचवे, ध्वजदिनाची वर्गणी चिल्लरीत न देता दुकानाच्या वार्षिक खर्चात तिची नियमित रक्कम धरावी.

यांपैकी कोणत्याही कामास मोठे भांडवल लागत नाही. लागतो तो थोडा वेळ आणि आपल्या धंद्यात मुरलेली चिकाटी. सभासद बंधु-भगिनी या सूचनांचा विचार करून पुढील वार्षिक सभेत त्यांस मूर्त स्वरूप देतील, अशी आशा बाळगून हा लेख येथे पुरा करतो.